नाताळचा खर्च जानेवारीपासून: ऐरोलीच्या एका घराचा हिशेब

सलाम ताई,

तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात आधी मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर लक्षात येईल. ऐरोलीत दोन खोल्या आणि हॉलचं स्वतःचं घर, माणसं पाच. तुम्ही ठाण्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला, यजमान तुर्भ्याच्या एमआयडीसीत, मुलगी ठाण्याला अकरावीत, मुलगा आठवीत, आणि सासूबाई. दोघांचे मिळून हातात ६४ हजार येतात, त्यातले २१ हजार घराच्या हप्त्याला. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, तुम्ही नेमाने देता. नाताळ झाला आणि क्रेडिट कार्डावर ३४ हजार राहिले. आता विचारता की दशमांश निम्म्यावर आणावा का, आणि भाजी-दूध-रिक्षा अशा बारीक गोष्टींत हात आखडून खरंच काही हाती लागतं का.

लागतं, पण आखडलेला पैसा कशासाठी आहे हे आधी ठरलेलं असेल तरच.

माझी सगळी नोकरी ठाण्यातल्या एका पगारदारांच्या पतपेढीत कर्जाच्या टेबलावर गेली. भाजी महाग झाली म्हणून कर्ज काढायला माझ्यापुढे कधी कुणी आलं नाही. लोक यायचे जूनमध्ये, शाळेच्या फीला. दिवाळीच्या आधी आमची हिंदू मंडळी यायची, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपली. मे महिन्यात लग्नाला आणि गावाला. माणसं तीच, महिने तेच, दरवर्षी. तरी अर्जावर कारण लिहायचे ‘अचानक उद्भवलेला खर्च’. नाताळ २५ डिसेंबरलाच येतो, त्यात अचानक काय आहे?

तुम्ही पाठवलेली महिन्याच्या खर्चाची यादी नीट आहे, पण तिच्यात चार ओळी नाहीत. त्या मी तुमच्याच मजकुरातून वेचल्या: जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी, वह्या, गणवेश मिळून २६ हजार, नाताळ १७ हजार, मे महिन्यात नगरला जाणं आणि लग्नांचे आहेर ९ हजार, गाडीचा आणि आरोग्याचा विमा ८ हजार. बेरीज ६० हजार, म्हणजे महिन्याला ५ हजार. हे ५ हजार तुमच्या महिन्याच्या हिशेबात कुठेच धरलेले नाहीत आणि तेच फिरून कार्डावर जाऊन बसतात. तुमची खरी तूट ही आहे. ती भाजीवाल्याकडे घासाघीस करून भरणार नाही. पण घरात रोज, कुणी न ठरवता जे पैसे जातात, त्यांतून बरीच भरते.

लाइट बिलापासून सुरुवात करा, कारण तिथे कुणाचं मन मोडत नाही. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की दर दुपटीच्या आसपास जातो. बऱ्याच घरांत समज असतो की १०१ वं युनिट पडलं की सगळं बिल महाग होतं. तसं नाही, वरच्या युनिटलाच वरचा दर लागतो. याचा उलटा अर्थ आपल्या फायद्याचा आहे: तुम्ही वाचवाल ते युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातलंच असतं. तुमचं बिल २४० युनिटचं आहे. म्हणजे वाचलेलं एक युनिट वहन आकार आणि वीज शुल्क धरून दहा रुपयांहून जास्तीचं.

आता सासूबाईंच्या खोलीतला पंखा बघा. जुना साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. सासूबाई दिवसभर घरी, रात्रीही तिथेच, म्हणजे तो पंखा वीस तास फिरतो. ४५ वॅट गुणिले २० तास गुणिले ३० दिवस: २७ युनिट. महिन्याला पावणेतीनशे रुपये तरी. तीन हजारांचा पंखा वर्षभरात स्वतःची किंमत काढतो. मुलांच्या खोलीतला पंखा नऊ-दहा तासच चालतो, त्याला दुप्पट वेळ लागेल. म्हणून सगळे पंखे एकदम बदलू नका. आधी त्यांचा बदला, बाकीचे बिघडतील तसे.

गिझरचं गणित तर लोकांना सांगितलं तरी पटत नाही. पंधरा लिटरची टाकी गरम व्हायला साधारण अर्धं युनिट लागतं. पाच माणसं, पाच टाक्या, महिन्याला ७५ युनिट. ऐरोलीत गरम पाणी लागतं किती महिने? डिसेंबर ते फेब्रुवारी. बाकीचे दिवस सासूबाईंपुरती एक टाकी पुरे. तुमच्या घरात मुलगा सकाळी बटण दाबून पुन्हा झोपतो असं तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे तिथे मी काही वेगळं सांगायला नको. एसी असेल तर २४ वर ठेवा. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. वेळेनुसार दर लावणारा नवा टीओडी मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटला सवलत आहे, तेव्हा वॉशिंग मशीन त्या वेळात लावा.

सासूबाईंचं औषध हा दुसरा मोठा आकडा. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांना महिन्याला १,४०० जातात म्हणता. डॉक्टरांना सांगा, गोळीचं मूळ नाव लिहून द्या, आणि जनऔषधी केंद्रात जा. नेहमीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. फक्त एक बघा: शुगरच्या गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर तीच घ्यायची, मिलिग्रॅम तेच असले तरी साधी चालत नाही. बदलल्यावर पंधरा दिवसांनी बीपी आणि साखर तपासून घ्या. साधारण ७०० वाचतील. हे डॉक्टरांना न विचारता स्वतःच्या मनाने करू नका, आणि गोळी एक दिवसाआड देण्याची काटकसर तर अजिबात नको. ती मी पाहिली आहे. हॉस्पिटलच्या बिलात ती व्याजासकट परत येते.

प्रवासाचं पटकन सांगते. रेल्वेचा मासिक पास काढत असाल तर त्रैमासिक काढा. तीन महिन्यांच्या पासला मासिकाच्या २.७ पट पडतात, सहा महिन्यांच्या पासला ५.४ पट. मुलीला कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म मिळतो, विद्यार्थ्यांना पास निम्म्यात आहे. अजून तो काढलेला नाही याचं मला नवल वाटलं. रिक्षाचं मीटर आता २६ पासून सुरू होतं. घरून स्टेशन आणि स्टेशनवरून घर, दोन्ही वेळा एकट्याने रिक्षा केली की २५ दिवसांचे १,३०० होतात. सकाळची बंद करा. पंधरा-वीस मिनिटांचं चालणं आहे, नाहीतर एनएमएमटीची बस. संध्याकाळची मात्र ठेवा. दिवसभर काउंटरवर उभं राहून, हातात भाजीची पिशवी घेऊन बाईमाणसाने चालत यावं असा सल्ला देणाऱ्यांनी आधी स्वतः चालून दाखवावं. ६५० वाचले, पुष्कळ झाले.

मोबाइलचंही लगेच बघून टाका. २८ दिवसांचं रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. ८४ दिवसांचं बहुधा स्वस्त पडतं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती उघडा आणि घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. एखाद्या सिनेमाच्या ॲपचे पैसे जातायत आणि ते कुणी बघतच नाही, असं निघण्याची शक्यता दाट आहे.

आता रविवार. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांत पैसा इथे जातो आणि इथेच बोलायला सगळे बिचकतात. उपासना सुटली की मटण, हे ठरलेलं. तुमच्याकडे दर रविवारी किलोभर येतं. आठशेच्या भावाने महिन्याला ३,२०० झाले. मटण बंद करा असं मी म्हणणार नाही, नगरच्या माणसांना तसं सांगून मला ऐरोलीत पाय ठेवायची सोय राहणार नाही. पण अर्ध्या किलोत पाच माणसांचा रस्सा होतो हे तुमच्या सासूबाईंना विचारा. गावाकडे येसूर घालून रस्सा करतात तो कशासाठी? भाजलेल्या बाजरी-गव्हाच्या आणि डाळींच्या त्या मसालेदार पिठाने रस्सा दाट होतो, चव भरते आणि भाकरीबरोबर माणसाचं पोट रश्शावरच भरतं. मटणाच्या फोडी मोजून वाढायची ही जुनी रीत गरिबीतून आली, तरी चवीला ती किलोभर सुक्या मटणापेक्षा मला सरस वाटते. उन्हाळ्यात नगरला जाल तेव्हा वर्षाचा काळा मसाला आणि येसूर कांडून आणा. तुमच्या शेजारी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचं जुनं ख्रिस्ती, कुटुंब असेल तर त्यांचा बाटली मसालाही एप्रिल-मे मध्येच होतो, दोन घरं मिळून मिरची-धणे आणले तर तुर्भ्याच्या मसाला बाजारातून घाऊक भावात आणणं परवडतं. एका घराने एवढा माल आणला तर पावसाळ्यात त्याला कीड लागते, म्हणून एकट्याने जाऊ नका.

तर रविवारची वाटणी अशी करून बघा: दोन रविवार अर्धा किलो मटण, एक रविवार कोंबडी, एक रविवार अंड्याचा रस्सा नाहीतर सुकट. सुकट, बोंबील, खारा बांगडा पावसाळ्याच्या आधी घ्या. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचे भाव चढतात आणि सुक्याचेही. दिवाळे कोळीवाड्याकडे मे महिन्यात एक फेरी मारा, घरी आणून दोन ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पाहुणा आला, एखाद्या रविवारी ठरलेलं मोडलं, असं सगळं धरूनही महिन्याला दीड हजार सुटतात.

आणि शनिवारी रात्री तुम्ही बाहेरून मागवता. महिन्यातून चारदा, दर वेळी साडेपाचशे. कारण तुम्ही लिहिलंय: शनिवारी दवाखाना उशिरा सुटतो आणि घरी आल्यावर उभं राहायची ताकद नसते. म्हणजे हा खर्च जिभेचा नाही, थकव्याचा आहे, आणि थकव्याच्या खर्चाला ‘मन मारा’ हे उत्तर नसतं. शनिवारचं जेवण यजमानांनी आणि मुलाने करायचं. पाव आणि ऑम्लेट, किंवा कुकरला खिचडी. आठवीतल्या मुलाला खिचडी येत नसेल तर शिकायचं वय झालंय. महिन्यातून एक शनिवार बाहेरचं मागवा, खुशाल.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगते. घरोघरी काटकसर म्हणून जी सुरू होते ती बाईच्या वाट्याला आणखी काम देऊन सुरू होते: पीठ घरी दळा, खारी घरी करा, मसाला कुटा, दुधावरची साय साठवून तूप कढवा. नोकरी करणाऱ्या बाईने हे महिनाभर केलं की दुसऱ्या महिन्यात सगळं बंद पडतं, वर आपल्यालाच जमलं नाही असं तिला वाटतं. रोजचं अर्धा तास काम वाढवणारा कुठलाही उपाय तुमच्या यादीतून खोडून टाका. त्याऐवजी गुरुवारी रात्री नवं काही शिजवायचं नाही एवढाच नियम करा. फ्रिजमधलं जे आहे ते संपवायचं: उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, भाताला फोडणी, वाटीभर डाळीचं वरणफळ. पाच हजार लोकांना जेवू घालणाऱ्या येशूनेही उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले होते, बारा टोपल्या भरल्या. चमत्कार करता येणाऱ्याला जे वाया घालवायचं नव्हतं ते आपण शुक्रवारी सकाळी कचऱ्याच्या डब्यात टाकतो.

गॅसबद्दल फार लिहीत नाही. कडधान्य भिजवून शिजवा, कुकरमध्ये भात-वरण-बटाटे एकावर एक लावा, ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करा.

आता नाताळच्या १७ हजारांकडे येते. त्यातले कपड्यांचे आठ आणि फराळाचे सहा असं तुम्ही लिहिलंय. फराळाला सहा हजार का, तर सोसायटीतल्या तुमच्या विंगमध्ये अठ्ठावीस घरं. दिवाळीत अठ्ठावीस ताटं तुमच्याकडे येतात, म्हणून नाताळला तुमच्याकडून अठ्ठावीस जातात. ही परतफेड टाळायची नाही, मीही टाळत नाही. मजल्यावर आपलं एकच ख्रिस्ती घर असतं, आणि वर्षभर ‘तुमचा नाताळ कधी?’ विचारणाऱ्या शेजारणी त्या दिवशी वाट बघत असतात. पण ताटात काय असावं हे तुमच्या हातात आहे. करंज्या, चकली, शेव, शंकरपाळे हे दिवाळीत सगळ्यांनी खाऊन झालेलं असतं. पुन्हा तेच कशाला? तीनच जिनसा पाठवा: केकचा तुकडा, कुलकुल (हाताने वळून तळलेले छोटे गोड तुकडे), नानखटाई. हे तीन त्यांच्या घरी होत नाहीत, म्हणून त्यांचंच अप्रूप. कुलकुल वळायला मुलं बसतात. नानखटाईचं पीठ घरी मळून जवळच्या बेकरीत भाजायला द्या. भाजणावळ घेतात, तरी विकतच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, आणि तेवढ्यापुरतं तरी गॅससमोर तळत उभं राहावं लागत नाही. केक मात्र दोन-तीन घरं मिळून करा, एकीचा ओव्हन, दुसरीचा हात. मनुका, चेरी, टुटीफ्रुटी संत्र्याच्या रसात आधीच भिजत घातली की डिसेंबरच्या गर्दीत सामान आणायचं राहत नाही. सहा हजारांचे अडीच-तीन होतात आणि ताट रिकामं दिसत नाही.

कपड्यांची खरी अडचण वेगळीच आहे. कंपनी बोनस देते दिवाळीला. तो पैसा हातात येतो तेव्हा आपला सण दीड-दोन महिने लांब असतो, दुकानांत सेल लागलेले असतात, शेजाऱ्यांची खरेदी चाललेली असते, आणि बोनस २५ डिसेंबरपर्यंत काही टिकत नाही. मग नाताळ कार्डावर. यावर उपाय एकच: बोनस जमा झाला त्याच दिवशी कपड्यांपुरते पैसे दुसऱ्या खात्यात टाका, किंवा कपडे तेव्हाच घेऊन कपाटात ठेवा. मुलं नाताळच्या आधी घालायला मागतील. कुलूप लावा.

चर्चच्या खर्चाबद्दल. दशमांशाचा निर्णय तुम्ही दोघांनी प्रार्थनेत घ्यायचा आहे, हवं तर पाळकसाहेबांशी बोलून. मी हिशेबापुरतं बोलते. आधी दशमांश कमी करावासा वाटतो, कारण तो यादीतला मोठा आणि सरळ दिसणारा आकडा आहे. पण तो निम्मा केलेली घरं मी बघितली, आणि वाचलेले पैसे कार्डात गेलेले क्वचितच पाहिले. ते घरातच विरले. उलट कार्डावर उसने घेऊन दान देणंही मला पटत नाही, ते दुसऱ्याचे पैसे झाले. कार्ड फिटेपर्यंत तुम्ही दान थोडं कमी केलंत तर मी त्यात दोष पाहणार नाही. मात्र कुठल्या महिन्यापर्यंत ते आजच लिहून ठेवा, आणि कमी केलेली रक्कम त्याच दिवशी कर्जात भरा.

त्याआधी दशमांशाच्या आजूबाजूचा खर्च बघा. कापणीच्या सणाला लिलाव असतो. बागेतला भोपळा, घरचे लाडू, कोंबडी, सगळं वर चढत जातं. यजमानांनी मागच्या वर्षी एका भोपळ्याला १,८०० बोली लावली असं तुम्ही लिहिलंय. देणं चांगलंच, पण ती बोली देवापेक्षा शेजारच्या बाकावरच्या माणसाला ऐकवण्यासाठी असते, हे आपण सगळे जाणतो. जाताना रक्कम ठरवून जायचं आणि पाकिटात तेवढीच न्यायची. दुसरं, महिला मंडळाच्या कार्यक्रमाला एकसारखी साडी. इस्टरला एक, नाताळला एक, कन्व्हेन्शनला, म्हणजे मोठ्या प्रार्थनासभेला, आणखी एक. कुणीतरी एकीने मंडळात उठून म्हणायला हवं की या वर्षी गेल्या वर्षीचीच नेसू. तुम्ही म्हणा. मागच्या बाकावरच्या चार जणींना हायसं वाटेल.

लेंट, म्हणजे इस्टरआधीचा आपला उपवासकाळ, लवकरच येतोय, आणि सवय बदलायला आपल्या वर्षात यापेक्षा चांगला काळ नाही. राखेच्या बुधवारपासून इस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस घरात सगळे मिळून एक गोष्ट सोडतात. त्यात कुणाला एकट्याने मन मारल्यासारखं वाटत नाही, आणि चाळीस दिवस पुरले की पुढे फारसा जोर लावावा लागत नाही. शनिवारचं मागवणं आणि सकाळची रिक्षा तेव्हा सोडा. फक्त एक करा: त्या चाळीस दिवसांत जे वाचेल ते बचतीत धरू नका. उपवासाचा पैसा गरजूचा, ही आपली जुनी रीत आहे. तो डब्यात जमवून चर्चमध्ये द्या. या दोन गोष्टींतली तुमची बचत इस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागा.

कशाला हात लावायचा नाही तेही सांगते: आरोग्य विमा, मुलांची अंडी आणि दूध, सासूबाईंची तपासणी. आणि मुलीच्या हातखर्चाचे जे थोडे पैसे आहेत ते. अकरावीतल्या मुलीला मैत्रिणींपुढे चहाचेही पैसे नसले तर घरातल्या हिशेबाचा तिला कायमचा राग बसतो.

आता हे पैसे धरून कसे ठेवायचे. लाइट, औषध, रिक्षा, रविवार, शनिवार, रिचार्ज अशी बेरीज पाच हजारांच्या थोडी वर जाते. मी तेवढी धरत नाही. कुठलंही घर ठरवलेल्यातलं एक तृतीयांश तरी सोडून देतं. साडेतीन हजार धरा. उरलेले सुटले तर सुटले.

कार्डाचे ३४ हजार आधी. त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे जवळजवळ १,२०० रुपये. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर मुद्दल हलतच नाही. यजमानांच्या कंपनीत पगारदारांची पतपेढी असेल तर तिथून तेवढंच कर्ज घ्या. महिन्याला एक टक्क्याच्या आसपासचा दर मिळाला तर बारा हप्त्यांत महिन्याला तीन हजार पडतात आणि वर्षात सगळं फिटतं. आपल्या समाजात ही वाट जुनी आहे. वसईत १९१८ मध्ये कॅथॉलिक लोकांनी छोटी पतसंस्था काढली, आजची बॅसीन कॅथॉलिक बँक तीच. कर्ज मिळालं की कार्ड एकदम फेडा आणि घरात दोघांच्याही पाकिटात ते ठेवू नका. बंद केलंत तर आणखी बरं.

उरलेल्यात, आणि आज कार्डाला जी किमान रक्कम भरता ती मोकळी होईल तिच्यात, महिन्याला १,५०० ची आरडी (दरमहा ठरलेला हप्ता भरायची ठेव) बसते. बँकेतच काढा. पोस्टाची आरडी चांगली, पण ती पाच वर्षांची आहे, आणि तुम्हाला पैसे याच नाताळला हवेत. अकरा हप्त्यांचे १६,५०० होतात. खर्च वर सांगितल्यासारखा आवरला तर नाताळ त्यात होऊन थोडे उरतात. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असं बँकेला सांगा. महिनाअखेरीला उरलेले टाकू म्हणाल तर काहीच उरणार नाही.

या वर्षीचा जून मात्र अवघड जाणार, ते लपवत नाही. २६ हजार एवढ्या लवकर जमणार नाहीत. शाळेत एप्रिलमध्येच जाऊन फी दोन-तीन हप्त्यांत भरू द्याल का असं लेखी विचारा; जूनच्या गर्दीत कुणी ऐकून घेत नाही. मुलगा नववीत जाईल, वरच्या वर्गातल्या चर्चमधल्या मुलाची पुस्तकं आत्ताच मागून ठेवा. गणवेश एकच नवा. आणि मे महिन्यात नगरला जाणं या वर्षी एकाच लग्नापुरतं ठेवा. बाकीच्यांना फोन करून सांगा. नातेवाइकांना कारण कळलं की ते समजून घेतात, कारण त्यांच्याकडेही जून येतोच.

आरडीचा फॉर्म भरताना मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपेल अशी धरा, आणि पैसे कार्ड जोडलेल्या खात्यात नाही, तुमच्या एकटीच्या बचत खात्यात जमा होऊ द्या. नॉमिनीच्या रकान्यात मुलीचं नाव घाला. ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असेल तर पालक म्हणून कुणाचं तरी नाव लिहावं लागतं, तिथे यजमानांचं लिहा.